दुसरा खटका

“देखिए मॅडम, एकदम आसान,” असं म्हणत प्रेमानंदनं ब्रशच्या मुठीतल्या दोन बारीक गुंड्या अंगठ्यानं आणि बोटानं दाबल्या, वरून दांडा सरकवला, मनगटाला हलका पीळ दिला आणि दांडा उचलून मॅडमसमोर धरला. ब्रश घट्ट बसला होता. तार नाही, ट्यूब नाही, पक्कड नाही.

“बस? हो गया?” सीमा मॅडमनी विचारलं.

“हो गया. अब निकालके जाली लगाता.”

ब्रश निघाला, जाळी बसली. जाळी निघाली, तळातला गाळ ओढणारं व्हॅक्यूमचं चपटं तोंड बसलं. मॅडमच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला होता, तो वाजून थांबेपर्यंत प्रेमानंदनं तिन्ही अवजारं लावून दाखवली. क्लबच्या मॅनेजर होत्या त्या, सहजासहजी खूश होणाऱ्यांतल्या नव्हेत. पण त्याही म्हणाल्या, “अरे वा.”

भिलाईच्या टाउनशिपमधल्या त्या क्लबच्या पोहण्याच्या तलावावर प्रेमानंद बारा वर्षं होता. ठेकेदाराचा माणूस. आतापर्यंत त्याची अवजारं म्हणजे तीन बांबू. बांबूच्या टोकाला ब्रश नाहीतर जाळी धरायची, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वरून तारेचे तीन वेढे घेऊन पक्कडीनं पिळायचे. पाण्यात बांबू फुगे, उन्हात वाळे, आणि काल घट्ट असलेली बांधणी आज सैल पडे. म्हणून रोज सकाळी सगळं नव्यानं. ही बांधणी प्रेमानंदशिवाय कोणाला जमत नसे. ठेकेदारानं दोनदा बदली माणूस पाठवून पाहिला. एकाची जाळी तलावात गेली, दुसऱ्यानं तारेनं स्वतःचंच बोट फाडून घेतलं. तेव्हापासून क्लबात सगळे म्हणायचे, पूल का काम तो प्रेमानंद को ही आता है. ऐकायला किती गोड! आणि या गोड बोलण्याच्या जोरावर त्याला सहा वर्षांत सलग दोन दिवस सुट्टी मिळाली नव्हती. बाप गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाण्यावरची पानं काढत होता. लोक म्हणाले, कामाचा केवढा पक्का. पक्का कसला, अडकलेला होता.

म्हणून हे खटक्याचे दांडे खोक्यातून निघाले तेव्हा त्याला दांडे दिसलेच नाहीत, नागपूरची गाडी दिसली.

त्याची आई, कलावती, नवरा असेपर्यंत दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची. नवरा भिलाईच्या पोलाद प्लांटात कायम नोकरीत होता. गल्लीतली चाळीस-पन्नास माणसं मिळून पॉवर हाउसच्या स्टेशनवरून गाडी पकडायची. नवरा गेल्यावर तिचे गुडघे गेले. डब्यात चढवायचं तर कोणीतरी बगलेत हात घालून उचलायला हवं, आणि ते काम सुनेच्या ताकदीचं नव्हतं. शेजारचे नेऊ म्हणत, पण म्हातारी ऐकेना. जाईन तर पोराचा हात धरून, नाहीतर घरीच बरी आहे. यंदा डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं आणि प्रेमानंदला बाहेर बोलावून सांगितलं होतं की पुढच्या वर्षीचं काही बोलू नका. तेव्हा यंदाच.

“मॅडम,” प्रेमानंद म्हणाला, “दसरे को दो दिन छुट्टी चाहिए थी. माँ को नागपूर ले जाना है.”

“दसरे के अगले ही हफ्ते स्टेट का कॉम्पिटिशन है. पूल कौन देखेगा?”

“हेमराज देख लेगा, माली. अब तो ये हँडल आ गए मॅडम. अब तो कोई भी कर लेगा.”

“कोई भी?”

“कोई भी,” प्रेमानंद छाती काढून म्हणाला.

मॅडमनी दांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. “ठीक है. परसों हेमराज मेरे सामने करके दिखाए. कर लिया, तो जाओ.”

प्रेमानंदला उडी मारावीशी वाटली. दांडे गोळा करून तो शेडकडे वळला आणि मॅडमनी मघाचा फोन परत लावला. ठेकेदाराचाच होता तो. “हाँ जी, हँडल अच्छे हैं,” त्या म्हणत होत्या. “प्रेमानंद खुद कह रहा है, अब कोई भी कर लेगा. फिर तो बगीचा और पूल एक ही आदमी में हो सकता है न? सोचिए आप.”

शेडपर्यंतची ती वीस पावलं प्रेमानंद कसा चालला ते त्याचं त्यालाच आठवत नाही. दांडे भिंतीला टेकवून तो क्लोरीनच्या डब्यावर बसून राहिला. आपल्याच तोंडानं आपण काय बोलून बसलो!

घरी त्यानं यातलं अर्धंच सांगितलं. सुपेल्यात, बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. कायम नोकरीवाल्या बापाचं सेक्टर दहामधलं क्वार्टर बापाच्या रिटायरमेंटबरोबर सुटलं होतं. “परवा हेमराजनं करून दाखवलं का सुट्टी पक्की,” एवढं ऐकून कलावतीनं ट्रंक उघडायला लावली. पांढरं लुगडं काढून सुनेला, शालूला, धुवायला दिलं. मेणबत्त्यांचा पुडा आहे का पाहायला लावलं.

“अवो आत्या, अजून पक्कं नाई झालं,” शालू म्हणाली.

“हेमराज करते. मालीचा हात हाय त्याचा, कामाचा हात हाय.”

नात प्रेरणा कॉलेजातून आली होती, ती म्हणाली, “आजी, तू तो ऐसे खुश है जैसे सासरहून माहेरी जाऊन राहिली.”

“मंग?” म्हातारी म्हणाली. “माहेरच होय ते.”

प्रेमानंद भिंतीकडे तोंड करून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हेमराजला शिकवायला घेतलं. हेमराज गोंदियाकडचा, पंचावन्नचा, बोलका माणूस. क्लबात येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. दोघं रोज शेडमध्ये डबा एकत्र खात. हेमराजच्या पोरीच्या लग्नात प्रेमानंदनं पंगतीत वाढलं होतं, आणि प्रेमानंदच्या बापाला खांदा द्यायला हेमराज होता.

“गुंड्या दाब,” प्रेमानंद म्हणाला. “हां. आता वरून दांडा घाल. आता जरासा पीळ दे.”

टक्.

“बसला!” हेमराज पोरासारखा हसला. “अबे, हे त माही नातबी करन. तू बारा वर्सं तारा पिळत बसला, आन् हे पाय.”

इथं एक गोष्ट सांगायची होती. पहिला आवाज होतो तेव्हा एकच गुंडी दांड्याच्या भोकातून बाहेर आलेली असते. दांडा आणखी नखभर फिरवला की दुसरी बाहेर येते, तिचा आवाज अगदी बारीक, पाण्याच्या खळखळीत लक्ष देऊनच ऐकावा लागतो. दोन्ही आवाज झाल्याशिवाय ब्रश खोल पाण्यात रेटायचा नाही, एका गुंडीवर तो टिकत नाही. खोक्यावर नुसती चित्रं होती, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. प्रेमानंदला पहिल्याच सकाळी हातानं कळलं होतं.

त्यानं तोंड उघडलंही. “आन् हेमराज, एक...”

“काय बे?”

बगीचा और पूल एक ही आदमी में. मॅडमचा आवाज कानाशी जसाच्या तसा होता. त्या एका माणसाचं नाव हेमराजच असणार, हे उघड होतं. हेमराज झाडंही पाहील आणि पाणीही पाहील. प्रेमानंदला झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं.

“काई नाई. हात सुका ठेवजो,” प्रेमानंद म्हणाला.

हेमराजनं आणखी चार वेळा लावून पाहिलं. तीनदा दांडा आपसूकच पुरेसा फिरला, चौथ्यांदा नाही फिरला. पण ब्रश त्यांनी पाण्यात घातलाच नाही, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. प्रेमानंदनं स्वतःला समजावलं की उद्या सकाळी, मॅडम यायच्या आधी सांगून टाकू. एवढंसं तर सांगायचं आहे. दिवसभर तो हेच समजावत राहिला.

सकाळी मॅडम वेळेच्या आधीच आल्या. सप्तपर्णीचा बहर होता, रात्रभर झडलेली बारकी फुलं खोल टोकाच्या पाण्यावर साचली होती. हेमराजनं धुतलेला शर्ट घातला होता. त्याला पाहून प्रेमानंदच्या मनात आलं, हा माणूस स्वतःच्या कामासाठी नाही, माझ्या आईच्या गाडीसाठी तयार होऊन आला आहे. अजून वेळ होता. दोन पावलं पुढं होऊन नुसतं ‘दोनदा वाजू दे’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

जाळी बसली. दोन आवाज. फुलं निघाली. मॅडमनी मान हलवली.

“अब ब्रश,” त्या म्हणाल्या. “गहरे वाले कोने में.”

हेमराजनं गुंड्या दाबल्या, दांडा घातला, पिळला. टक्. प्रेमानंद श्वास धरून ऐकत होता. दुसरा आवाज आला नाही. हेमराजनं मोठ्या दिमाखात ब्रश बारा फुटांत सोडला आणि भिंतीवर जोर लावला. दुसऱ्याच रेट्याला दांडा हलका होऊन वर आला. ब्रश सावकाश गिरक्या घेत तळाशी जाऊन पडला. निळ्या फरशीवर तो स्पष्ट दिसत होता.

“अरे!” हेमराज म्हणाला. त्यानं रिकाम्या दांड्याच्या टोकाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. “बसा था मॅडम. आवाज भी हुआ था. मैंने सुना.”

“क्या सुना? कॉम्पिटिशन के दिन ऐसा हुआ तो? किसी बच्चे के सिर पर गिरा तो? हाथ में जान नहीं और दिखाने चले आए!”

हेमराज, जो कोणाला उत्तर द्यायला कधी चुकत नसे, खाली मान घालून उभा राहिला. प्रेमानंदनं त्याच्या हातून दांडा घेतला, जाळी लावली, आणि तळाशी न पाहता जणू अंदाजानंच, एका फेरीत ब्रश उचलून काठावर आणला. हे मात्र खरोखर दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

“देखा?” मॅडम म्हणाल्या. “प्रेमानंद, तुम नहीं रहे तो पूल नहीं चलेगा. सॉरी. छुट्टी भूल जाओ.” आणि जाता जाता फोनवर, “नहीं जी, वो एक आदमी वाला नहीं होगा. प्रेमानंद को ही रखना पड़ेगा.”

प्रेमानंदचा जीव भांड्यात पडला. आधी तेच झालं, हे खोटं कशाला बोला. मग त्याची नजर हेमराजवर गेली. तो शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. प्रेमानंदला आपल्या अंगावर थुंकावंसं वाटलं.

संध्याकाळी घरी पोचून त्यानं अजून चपला काढल्या नव्हत्या, तोच हेमराज पिशवीभर सीताफळं घेऊन दारात आला. सायकल भिंतीला लावून सरळ म्हातारीसमोर जाऊन बसला.

“मावशी, माफी मागाले आलो. माह्यानं तुमचं जानं राह्यलं.”

“काय झालं रे?”

“ब्रश बसवाचा होता. सोप्पं काम. प्रेमानंदनं लगित चांगलं शिकवलं मले, त्याची गलती नाई. माहाच हात चुकला. मॅडम समोर असली का मले काई सुधरत नाई.”

प्रेमानंद माठापाशी उभा होता. पाण्याचा पेला भरला, प्याला नाही. आता तरी बोल, असं त्याला आतून कोणीतरी म्हणत होतं, आणि आतूनच दुसरं कोणी म्हणत होतं की बोललास तर उद्या मॅडमच्या कानावर जाईल. पेला हातात तसाच राहिला.

“मनाले कावून लावून घेऊन राह्यला बावा?” कलावती म्हणाली. “हात चुकते मानसाचा. मॅडम काय म्हने?”

“म्हने, प्रेमानंद नसंन त पूल चालनारच नाई. ठेकेदाराले फोनवरबी तेच सांगतलं. त्याच्याशिवाय होतच नाई म्हने.”

शालूनं चहा ठेवायला घेतलेलं भांडं हातातच धरलं. म्हातारी आता रडेल, असं सगळ्यांनाच वाटलं. पण कलावतीच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं.

“मॅडम म्हने असं? सोता?”

“सोता. माह्यासमोर.”

“त्याच्या बापानं मरेलोक जीव जाळला,” कलावती हळूहळू म्हणाली. “पोरगा प्लांटात लागला नाई, ठेकेदाराच्या हाताखाली राह्यला, त्याले कोन इचारते म्हनून. आज आयकाले पायजे होता तो.” तिनं शालूला हाक मारली. “शालू, लुगडं वाळलं का? घडी करून ठेव. आन् ते मेनबत्त्या शेजारच्या कमलिनीपाशी दे. म्हन, आत्याच्या नावानं लावजो.”

हेमराजनं डोळे पुसले आणि तो हसला. सीताफळं फोडली गेली. प्रेमानंदलाही एक फोड मिळाली. बिया तोंडात घोळवत तो बराच वेळ बसला होता. आईला सांगावं तर तिच्या हातातलं एवढंसं सुखही जाणार. न सांगावं तर ते सुख खोटं. असा सगळीकडूनच बंद झाला होता तो, आणि कड्या सगळ्या आतून लागलेल्या होत्या.

दसऱ्याच्या सकाळी गल्ली पांढऱ्या कपड्यांनी भरून गेली. निळे झेंडे, डबे, पाण्याच्या बाटल्या, पोरांचा गलका. कलावतीनं हट्टानं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून ती सगळ्यांना जयभीम घालत होती. प्रेमानंद सायकल काढत होता.

“मावशी, यंदाबी नाई येत का वो?” शेजारच्या कमलिनीनं विचारलं. मेणबत्त्यांचा पुडा तिच्या पिशवीतून वर दिसत होता.

“कशी येऊ? माह्या पोराबिगर तिथलं पानी चालत नाई,” कलावती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. “मोठ्या मॅडमनं सोता सांगतलं. दुसऱ्या कोनाले येतच नाई ते काम.” मग पोराकडे वळून, “प्रेमा, तुले उशीर होते. जाय.”

तो गेला. क्लबात पोचला तेव्हा हेमराज शेडपाशी उभा होता, हातात ब्रश लावलेला दांडा. तोंडभर हसू.

“आलं मले!” तो ओरडलाच. “तवापासून रोज सकाळी तू याच्या आंधी करून पाह्यतो. सोडवतच नोयतं ना. पाय, हे दोनदा वाजते. येक मोठा, येक बारीक. बारीक वाजला नाई त समजाचं, बसला नाई. आयक.” त्यानं ब्रश काढून परत लावला. टक्. मग सावकाश पीळ. टिक्. “तुलेबी नसंन मालूम. तू त हातानंच करतं, तुह्या ध्यानात कायले येईन?”

प्रेमानंद सायकलचं हँडल धरून उभा राहिला.

“अबे, उभा काय राह्यला? दुपारची गाडी हाय अजून. घरी जाय, मायले रिक्षात घाल, पॉवर हाउस गाठ. मॅडम दहाले येते, मी करून दाखवतो तिले, दहा डाव करून दाखवतो. नाई कशी म्हनते पाहू!”

दुपारची गाडी होती. म्हातारी लुगडं नेसून उंबऱ्यातच बसलेली होती. सगळं तयार होतं.

“नको,” प्रेमानंद म्हणाला.

“कावून?”

“मॅडमले नको दाखवू हेमराज.”

“अबे पन कावून? मायचं...”

“नको दाखवू म्हनलं ना.” त्यानं हात पुढं करून दांडा धरला. हेमराजनं लगेच सोडला नाही. दोघांचे हात एकाच दांड्यावर होते, आणि हेमराज त्याच्या तोंडाकडे पाहत होता. हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. शिकवायच्या त्या सकाळी प्रेमानंदनं अर्धवट सोडलेलं वाक्य त्याला आठवलं असावं.

“तुले मालूम होतं,” हेमराज म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

प्रेमानंदनं मान खाली घातली.

हेमराजनं दांडा सोडला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं पाण्याची नळी खांद्यावर घेतली, शेडमधला आपला डबा उचलला, आणि तो पलीकडच्या कुंड्यांकडे निघून गेला. दुपारी डबा त्यानं तिथंच, झाडाखाली खाल्ला. मॅडम दहाला आल्या, तलावाला एक चक्कर मारून गेल्या. त्यांना त्यानं काही दाखवलं नाही, काही सांगितलं नाही.

प्रेमानंदनं दिवसभर काम केलं. फुलं काढली, भिंती घासल्या, गाळ ओढला. दर वेळी अवजार बदलताना दोन आवाज झाले, आणि दोन्ही त्याला ऐकू आले. संध्याकाळी पाणी इतकं नितळ झालं होतं की बारा फुटांखालच्या फरशीचे जोड मोजता आले असते.

घरी आला तेव्हा कलावती अजून उंबऱ्यातच होती. लुगडं बदललं नव्हतं. गल्ली रिकामी होती.

“साफ झालं पानी?” तिनं विचारलं.

“झालं.”

“चांगलं झालं?”

“हो माय.”

“मंग बरं,” ती म्हणाली, आणि खुर्चीतून उठवायला त्यानं हात द्यावा म्हणून तिनं आपला हात वर केला.